संघटनेतला टारफुला

(कर्वेनगर, पुणे येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



रात्रभर एस.टी.त बसून तुम्ही आलात. पत्रिकेवर आमचा विषय 'कापसाचा भाव' असा छापला आहे. तो दुपारी घेऊ. सकाळची वेळ आम्ही वेगळ्याच कामासाठी मागून घेतली. या हंगामात चार तालुक्यांतून कार्यकर्त्यांची पत्रं आली. बोंडअळी आणि भाव यांच्या तक्रारी नेहमीच्याच होत्या. पण चारही पत्रांच्या शेवटी एकच वाक्य होतं, थोड्याफार फरकाने: 'आमच्यातली माणसं आता एकमेकांशी बोलत नाहीत.'

त्यातल्या एका गावाचं सांगतो. गावाचं नाव घेत नाही. बत्तीस शेतकऱ्यांनी कापूस एकत्र करून थेट जिनिंगला द्यायचं ठरवलं. गाडी ठरली, काटा ठरला. भरणीच्या आदल्या रात्री एक गडी तीन घरी चहा प्यायला. पहिल्या घरी म्हणाला, 'काट्यावर बसणारा तुमच्या भावकीतला नाही, जरा बघा.' दुसऱ्या घरी म्हणाला, 'पहिल्याचा कापूस ओला आहे, ओलाव्याची कटती तुमच्या माथी बसणार.' तिसऱ्या घरी म्हणाला, 'ते दोघं तुमच्याबद्दल काय बोलत होते ते सांगत नाही, तुम्हाला उगाच वाईट वाटेल.' सकाळी गाडी आली तेव्हा भरायला अकरा जण होते. बाकीच्यांचा कापूस आठवड्याभरात खेडा खरेदीवाल्याने दारातून उचलला, त्याच्या भावाने आणि त्याच्या काट्याने. व्यापाऱ्याला काही करावं लागलं नाही. तीन कप चहात त्याचं काम झालं.

सरकारशी कसं भांडायचं, व्यापाऱ्याशी कसं बोलायचं, हे आपण शिकलो. पण शेजारी बसून काम करणारा माणूसच लावालावी करत असेल तर काय करायचं, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. आमच्या कृषी पदवीच्या चार वर्षांतही त्यावर एक तास नव्हता.

आमचंच सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही. संघटनेत येण्याआधी आम्ही एका कार्यालयात नोकरी करत होतो. शेजारच्या टेबलावर आमच्याच वयाचे, कामाला चोख असे एक सहकारी होते. तिसरे एक गृहस्थ रोज चहाच्या वेळी आमच्याकडे येत. 'साहेबांकडे तुमच्याविरुद्ध अर्ज गेलाय. कोणी केला ते विचारू नका. मी सांगितलं असं तर मुळीच म्हणू नका.' एवढं बोलून शेजारच्या टेबलाकडे नुसती नजर टाकायची. दोन वर्षं आम्ही त्या शेजाऱ्याशी कामापुरतंही नीट बोललो नाही.

त्या काळात प्रात्यक्षिकासाठी रब्बी ज्वारीचं बियाणं आलं, मालदांडी ३५-१. गोदामाची किल्ली आमच्याकडे, वाटपाची यादी शेजाऱ्याकडे. आम्ही म्हटलं, तो मागेल तेव्हा किल्ली देऊ. तो म्हणाला, हे विचारतील तेव्हा यादी देऊ. सप्टेंबरात आलेली पोती ऑक्टोबर अर्धा सरल्यावर गावात पोचली. एक म्हातारे शेतकरी पोत्यावर हात ठेवून म्हणाले, 'बियाणं चांगलं आहे साहेब, पण ओल कोणासाठी थांबते का?' त्यांनी त्या वर्षी रान पडीक ठेवलं. दोन शिकलेल्या माणसांच्या अबोल्याची किंमत त्यांनी भरली.

उलगडा झाला तो एस.टी. बंद पडली म्हणून. चार तास आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बसून होतो. शेवटी तोच म्हणाला, 'माझ्याविरुद्ध अर्ज कशाला केलात?' आम्ही म्हटलं, 'अर्ज तर तुम्ही केलात ना?' अर्ज कोणीच केला नव्हता. आम्ही दोघंही मनातलं सगळं त्या तिसऱ्याकडे ओकत होतो, आणि साहेबांच्या लेखी तोच एक सर्वांशी मिळून वागणारा माणूस होता.

त्याने खोटं सांगितलं हे खरं. पण ते ऐकायला आम्हाला बरं वाटत होतं, हेही खरं. शेजाऱ्याचं काम आमच्यापेक्षा चांगलं होतं आणि ते आम्हाला सलत होतं. त्याच्याविरुद्ध कोणी काही सांगितलं की आमचं सलणं योग्य ठरे. कान भरणाऱ्याला आधी कान देणारा लागतो.

ज्वारी पिकवणाऱ्यांना टारफुला सांगायला नको. पण तो कसा वाढतो ते नीट पाहा. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. नुसत्या पावसाने ते उगवत नाही. ज्वारीचं मूळ जवळ आलं, मुळातून जो रस पाझरतो त्याचा सुगावा लागला, की मग ते उगवतं आणि मुळालाच चिकटतं. वर फूल दिसेपर्यंत खालून अर्धं नुकसान झालेलं असतं. हलक्या, खताला महाग असलेल्या रानात त्याचा जोर जास्त. आणि एका झाडाला हजारो बिया, धुळीसारख्या बारीक.

लावालावीचं तसंच आहे. मूळ असतं आपल्या मनातल्या सलीचं: हिशेब कळला नाही, मान मिळाला नाही, भाऊबंदकीचा जुना बांध आहे. ही सल पाझरली की बाहेरचं बी उगवतं. जिथे हिशेब उघडा नाही, ते रान सगळ्यात हलकं.

आता औषध. ज्वारीवर ज्वारी घेत राहिलो तर टारफुला वाढत जातो. फेरपालटीत कापूस घेतला तर कमी होतो. कारण कापसाच्या मुळातूनही टारफुल्याला उगवायला लावणारा रस पाझरतो. १९६६ साली शास्त्रज्ञांनी हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं ते कापसाच्याच मुळांतून. बी फसतं, उगवतं, पण कापसावर त्याला जगता येत नाही. काही दिवसांत ते मरतं. आपल्यालाही असंच पीक पाहिजे: कुजबुज उगवेल, पण तिला पोसणारं मूळ मिळणार नाही.

ते पीक कोणतं, हे सांगण्याआधी आपण बसलो आहोत त्या जागेबद्दल थोडं. आज इथे इमारती आहेत. हे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम पुण्यातून इथल्या माळावर आणला. ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि इथून तिथे पायी जात-येत. पण ते फर्ग्युसनमध्ये आले कसे, तो भाग आपल्या विषयाचा आहे.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सोबत्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. लवकरच आगरकर येऊन मिळाले. टिळक-आगरकर जिवलग मित्र. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ साली फर्ग्युसन. आणि मग तंटा. आजीव सदस्यांनी पगार किती घ्यावा, बाहेरची मिळकत करावी की नाही, समाजसुधारणा आधी की स्वराज्य आधी. आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढलं. १८९० साली टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, गोखल्यांनी आपल्या जुन्या वर्गमित्राला, कर्व्यांना, गणित शिकवायला बोलावून घेतलं.

हे भांडण चांगलं होतं असं आम्ही म्हणत नाही. दोन मोठी माणसं दुरावली. पण टिळकांनी आपल्या राजीनाम्याची कारणं लांबलचक लिहून संस्थेपुढे ठेवली. आगरकरांनी आपलं मत स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्रात मांडलं. वाद लिहिलेला होता, म्हणून संस्था त्याच्यावर विचार करू शकली आणि टिकली. १८९५ साली आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिणारे टिळकच होते. उघड्या भांडणानंतर एवढं तरी उरतं. कुजबुजीनंतर काही उरत नाही, कारण भांडण कशावरून होतं तेच कोणाला सांगता येत नाही.

त्याच संस्थेत राहून हे पाहिलेल्या गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला. त्याच्या सदस्यांच्या प्रतिज्ञांमध्ये, कोणाशी व्यक्तिगत भांडण करणार नाही, असं एक कलम घातलं. कर्व्यांनीही १९०८ साली इथल्या कामासाठी निष्काम कर्म मठ काढला, तेव्हा सेवकांसाठी शपथ ठेवली. नुसत्या चांगल्या हेतूवर काम चालत नाही, नियम लागतो, हे त्या पिढीला पुरतं कळलं होतं.

आता आपले नियम. आम्ही चार सांगतो, बैठकीत कमी-जास्त करा.

पहिला. कोणी कोणाबद्दल सांगायला आला की तीन प्रश्न विचारायचे: कोण म्हणालं? कधी म्हणालं? चल, आत्ता दोघं मिळून त्याच्याकडे जाऊ, येतोस? खरा असेल तर तो येईल. 'माझं नाव घेऊ नका' म्हणाला तर आपणही ते ऐकलं नाही असं समजायचं आणि पुढे कोणाला सांगायचं नाही. खरोखर भीतीने नाव लपवणारा एखादा असतो. त्याने जिल्हा समितीकडे लेखी द्यावं. त्याचं नाव राखायची जबाबदारी समितीची.

दुसरा. मनात सल आली तर सात दिवसांच्या आत त्याच माणसाशी बोलायचं. तिसऱ्याशी आधी नाही. बोलवत नसेल तर दोघांना चालणारा एक जण मध्ये बसवायचा, पण दोघांनाही समोरासमोर ठेवून. एकेकाला गाठून समजूत घालणारा मध्यस्थ नको. त्यातूनच नवा कान भरणारा तयार होतो.

तिसरा. काटा, भाव, कटती, हमाली, गाडीभाडं हे सगळं त्याच दिवशी फळ्यावर लिहायचं आणि प्रत्येकाच्या हातात वजनाची चिठ्ठी द्यायची. त्या बत्तीस जणांच्या गावात ओलाव्याची कटती ज्याच्या त्याच्या नावावर बसेल असं आधी लिहून लावलं असतं, तर दुसऱ्या घरचा चहा वाया गेला असता. हेच आपलं सापळा पीक.

चौथा. लावालावी करणारा सापडला तर त्याची मिरवणूक काढायची नाही. त्याच्याकडून निरोप, किल्ली आणि पैसा काढून घ्यायचा आणि डोळ्यांना दिसेल, मोजता येईल असं काम द्यायचं. टारफुला फुलावर येण्याआधी उपटतात, बी पडू देत नाहीत. पण चिडून सगळी ज्वारी कोणी उपटत नाही. चारचौघांत अपमान केला की त्याच्याभोवती चार माणसं जमतात आणि उद्या तो गट होतो.

आणि एक धोक्याची सूचना, ती कार्यकर्त्यांनी नीट ऐकावी. हिशेब विचारणारा माणूस लावालाव्या नव्हे. उद्या कोणी बैठकीत उभा राहून म्हणाला, 'वर्गणीचे पैसे कुठे गेले?' आणि आपण त्याला 'फूट पाडतोस' म्हणून खाली बसवलं, तर टारफुला आपणच पेरला. जो तोंडावर, सभेत, आपल्या नावाने बोलतो त्याचं बोलणं कितीही कडू असो, ते औषध आहे.

तुमची मुलंमुली इथे पुण्यात कारखान्यांत, कंपन्यांत, दुकानांत नोकरीला आहेत. तिथेही हीच माणसं भेटतात. त्यांना सांगा, कामाचं बोलणं तारखेसह लिहून ठेवा, मनातलं दुखणं पहिल्या महिन्यात कोणापाशी ओकू नका, आणि शेजारच्या टेबलाशी स्वतः बोला. कधी वरचा साहेबच दोघांना झुंजवत असतो. मग तर दोघांनी बोलणं जास्तच गरजेचं. मुलीच्या चारित्र्यावरून कुजबुज चालवली असेल, अश्लील बोलणं होत असेल, तर ती सोसायची गोष्ट नाही. त्यासाठी २०१३ सालचा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती असावीच लागते. तक्रार लेखी द्यायची, शक्यतो तीन महिन्यांच्या आत.

आमचा तो शेजारी नोकरीत राहिला, आम्ही संघटनेत आलो. अजूनही पेरणीच्या आधी त्याचा फोन येतो. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मात्र आम्ही दोघं मिळून जायला हवं होतं. जाऊ जाऊ म्हणताना ते वारले. ते देणं राहिलं ते राहिलंच.

आता चहा आहे. ज्यांच्याशी तुमचं बोलणं बंद आहे असा कोणी या मंडपात असेल, तर चहा त्याच्याशेजारी बसून घ्या. काय बोलायचं सुचलं नाही तर त्याच्याकडे पाऊस किती झाला तेवढं विचारा.