बोलण्याचे पैसे

बाईनं भाषणाचे पैसे घेतले की आपल्याकडे नाकं मुरडतात. सिंधुताई सपकाळ आठवा. शाळा चौथीपर्यंत. आधी रेल्वे स्टेशनवर गाणी म्हणून पोट भरत. पुढे गावोगाव भाषणं करू लागल्या आणि भाषण संपलं की भर सभेत पदर पसरत. बोलले तरच लेकरांचं राशन येतं, हे त्या उघड सांगत. सासवडजवळ कुंभारवळणचं ममता बाल सदन अशा मदतीवर उभं राहिलं. पद्मश्री मिळाली 2021 मध्ये. तोवर कितीतरी लेकरं वाढवून झाली होती!

कुणी म्हणेल, त्या अनाथांसाठी मागत होत्या. मग आपली मजुरी बुडते, तेव्हा कुणाची लेकरं उपाशी राहतात? गटातली बाई तालुक्याला अनुभव सांगायला जाते. दिवस मोडतो, एसटीचं भाडं पदरचं. हाती काय, तर नारळ आणि शाल. शाली तर पेटीत पडूनच आहेत.

यापुढे बोलावणं आलं, तर भाडं किती, मानधन किती, हे आधी विचारा. आणि आपल्या गटात कुणा बाईला बोलवाल, तेव्हा तिचे पैसेही बैठकीत ठरवून प्रोसिडिंगच्या वहीत लिहा.