दोर हातात, बांधलेला नाही

आज शर्यतीच्या शिडाच्या होडीबद्दल बोलू. समुद्र आपल्यापासून लांब असला, तरी त्या होडीतला दोर आणि कप्पी आपल्या ओळखीचीच आहेत.

फॉर्टीनाइनर एफएक्स नावाची एक होडी आहे. लांबी सुमारे सोळा फूट, चालवायला दोघीजणी. 2016 च्या रिओ ऑलिंपिकपासून महिलांची एक शर्यत या होडीत होते. 2018 च्या आशियाई खेळांत आपल्या वर्षा गौतम आणि श्वेता शेर्वेगर यांनी या होडीत रौप्यपदक जिंकलं. यात एक सुकाणू धरते. वाऱ्याच्या दिशेने वर जाताना मोठ्या शिडाचा दोर दुसरीच्या हातात असतो. त्या दोराला मेनशीट म्हणतात.

हा दोर कसा ओवतात? शीड चढवताना होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं आणि दोर सैल सोडायचा. एक साधी मांडणी अशी: दोराचं एक टोक होडीच्या तळाला बांधायचं. दोर वर नेऊन शिडाच्या आडव्या काठीच्या कप्पीतून घ्यायचा, मग खाली तळाच्या कप्पीतून हातात. टोकाला गाठ मारायची, म्हणजे दोर कप्पीतून निसटत नाही. तळाची कप्पी बहुधा दात्यांची असते. ओढताना टकटक वाजते आणि सोडताना दोराला थोडा धरून ठेवते, त्यामुळे हाताला आराम मिळतो. ओढून टकटक ऐकू आली नाही, तर दोर उलटा ओवला असेल, नाहीतर दाते बंद असतील.

आता हिशोब बघा. विहिरीवरची कप्पी जागेवर पक्की असते. ती फक्त ओढण्याची दिशा बदलते. बारा किलोच्या घागरीला बारा किलोचा जोर लागतोच. होडीत मात्र काठीवरची कप्पी काठीबरोबर हलते आणि काठीला दोराचे दोन पदर ओढतात. जोर निम्मा लागतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. चार पदर केले तर जोर पाव आणि दोर चौपट. आपल्या गटातल्या कर्जासारखंच आहे हे. हप्ता लहान केला की महिने वाढतात. आणि प्रत्येक जादा कप्पी घर्षणाचं व्याज लावते.

मग पदर वाढवतच का जात नाहीत? कारण दोर नुसता ओढायचा नसतो, सोडायचाही असतो. वाऱ्याचा झोत आला की होडी कलते. त्या क्षणी दोर सोडला तर शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. चार पदर असतील तर काठी एक मीटर बाहेर जायला चार मीटर दोर सुटावा लागतो. तेवढा वेळ वेगवान होडीत नसतो. म्हणून हात पेलतील तेवढेच पदर ठेवतात. जोराच्या वाऱ्यात दोर पक्का बांधून टाकत नाहीत. बांधलेला दोर वेळेवर सुटला नाही, तर होडी उलटते.

आपल्या गटाच्या गिरणीत पन्नास किलोचं पोतं माळ्यावर चढवायचं असेल, तर हीच युक्ती वापरा. दोराचं टोक तुळईला बांधा, दोर पोत्याला अडकवलेल्या कप्पीतून घ्या आणि वर तुळईच्या कप्पीतून खाली आणा. पंचवीस किलोहून थोडा जास्त जोर पुरेल. तीन मीटर उंचीला सहा मीटर दोर ओढावा लागेल. तुळई मजबूत आहे ना, ते आधी बघा. पोत्याखाली कुणी उभं राहू नये. आणि दोर हाताला गुंडाळू नका, विहिरीवरही नाही. घसरला तर बोटं अडकतात. मुठीत धरलेला दोर सोडता येतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत पोत्याला किती पदर उचलतात ते मोजून बघा, आणि मगच दुसरी कप्पी घ्यायची की नाही ते ठरवा.