बोलण्याची मुभा नसलेला वकील
(स्वागताध्यक्षीय भाषण)

महाराष्ट्रातून व बंगालातून येथे जमलेल्या वकील भगिनींनो आणि बंधूंनो,

कलकत्त्यात मराठी माणसाने कुणाचे स्वागत करावयाचे म्हणजे त्याला थोडे संकोचूनच उभे राहावे लागते. कारण अठराव्या शतकात आपले लोक या मुलखात आले ते पाहुणे म्हणून नव्हे तर बारगीर म्हणून, त्यांच्या धास्तीने 1742 साली या शहराभोवती खंदक खणला गेला, आणि त्यांनी गावोगावी, विशेषतः स्त्रियांवर, जो कहर केला त्याचे वर्णन गंगाराम नावाच्या कवीने ज्या बंगाली काव्यात करून ठेवले आहे त्याचे नावच मुळी ‘महाराष्ट्रपुराण’ असे आहे. पुढे आपल्यापैकीच सखाराम गणेश देऊस्करांनी बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून त्या ऋणाची काहीशी फेड केली, हे खरे; तथापि स्त्रियांवरील अत्याचारांचा विचार करण्यासाठी भरलेल्या परिषदेत ही जुनी बाकी दडवून नुसती फुले उधळणे मला प्रशस्त वाटेना. ती मांडून झाली. आता आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

अत्याचारपीडितांची वकिली ही जी आपल्या व्यवसायाची शाखा, तिची आद्य पूर्वज कोण असे कुणी विचारले तर मी कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव घेईन. नाशिकला 1866 साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या या बाई 1892 साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण स्त्रियांना पदवी देण्याचा तेथे रिवाज नसल्यामुळे ती प्रत्यक्ष हाती पडावयास 1922 साल उजाडले. मध्यंतरी, 1904 मध्ये, बंगाल सरकारने ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’च्या दप्तरात त्यांची नेमणूक केली ती पडदानशीन विधवा आणि अज्ञान वारस यांच्या हितरक्षणासाठी; आणि परक्या पुरुषाला ज्यांचा उंबरठा ओलांडता येत नव्हता अशा जनानखान्यांत बसून, तेथील स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकून घेऊन, त्यांच्या कैफियती सरकारदरबारी रुजू करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले, तरी कोर्टात उभे राहून त्यांच्या वतीने एक शब्द बोलण्याची सनद त्यांना त्या काळात मिळाली नाही. रेजिना गुहा यांनी सनद मागितली तेव्हा याच शहरातील उच्च न्यायालयाने 1916 साली, स्त्रीला ती देता येत नाही असा निकाल दिला होता. हा अडसर निघाला तो 1923 च्या कायद्याने.

बोलण्याची मुभा नसलेला हा वकील इतिहासजमा झाला आहे असे मात्र कुणी समजू नये. फौजदारी खटला सरकारचा असतो. पीडितेने वकीलपत्र कुणालाही दिले तरी त्याने सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार वागावे आणि पुरावा संपल्यावर, न्यायालयाने परवानगी दिलीच तर, लेखी युक्तिवाद सादर करावा, अशी मर्यादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 301 ने आखली होती, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेनेही ती फारशी रुंदावलेली नाही. ज्यांना वक्तृत्वाची हौस आहे त्यांनी म्हणून खुशाल दुसरी शाखा निवडावी. या शाखेतील काम कोर्टाच्या आधी पोलीस ठाण्यातच सुरू होते. रांचीहून दिल्लीकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीत घरकामगार स्त्रियांवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली जे निर्देश दिले, त्यांत पीडितेला वकील मिळावा, तो तिला पोलीस ठाण्यातच भेटावा, आणि ठाण्यात जो सोबत असेल तोच खटल्याच्या शेवटपर्यंत राहावा, असे स्पष्ट म्हटले आहे. अशा वकिलांची यादी ठाण्यात ठेवावी असेही त्यात आहे. गावी परतल्यावर आपल्या ठाण्यात ती आहे काय, हे सहज पाहून यावे.

न्यायालयाने ठाण्यावर इतका भर का दिला असावा, हे ज्याने तेथे एक तास काढला आहे त्याला सांगावे लागत नाही. बाई आपल्या बोलीत, अडखळत, मागचे पुढे आणि पुढचे मागे करीत सांगत असते, आणि टेबलापलीकडचा हवालदार ते दप्तरी मराठीत उतरवीत असतो: ‘समक्ष हजर राहून जबाब लिहून देते की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास आहे’, आणि अखेरीस ‘वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या वाक्याखाली, वाचून दाखविला असो वा नसो, तिचा अंगठा उठतो. पुढे खटला उभा राहतो, उलटतपासणीत ती सांगते की त्याने माझे तोंड दाबले होते. आरोपीचे वकील जबाबाचा कागद तिच्यापुढे धरतात, त्यात तोंड दाबल्याचा उल्लेख नसतो, आणि साक्षीच्या कागदावर ते ठरीव वाक्य चढते: ‘तसे जबाबात लिहिलेले नसल्यास त्याचे कारण मला सांगता येणार नाही.’ कारण तिला ठाऊक असते, पण ते सांगण्याची ती जागा नव्हे. पडदानशीन स्त्रीने करून दिलेल्या दस्तऐवजाच्या आधारे जो हक्क सांगेल, त्याने तो मजकूर तिला समजला होता हे आधी सिद्ध केले पाहिजे, असा दंडक आपल्या न्यायालयांनी प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून पाळला. जमीनजुमल्याच्या कागदासाठी दाखविलेली ही सावधगिरी देहावरील आघाताच्या कागदासाठी कुणाला सुचू नये, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

कायदा बदलला नाही असे नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात 26 मार्च 1972 च्या रात्री एका आदिवासी मुलीवर जे गुदरले, त्या खटल्याला देश तिच्या नावाने ओळखतो. मी त्याला निवाड्यातील शीर्षकाप्रमाणे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असेच म्हणेन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपी पोलिसांना ठोठावलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्याचे एक मुख्य कारण होते. त्यावर 1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, आणि 1983 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले तर तसे गृहीत धरावे, असे ठरले. चार अध्यापकांनी एका पत्राने घडविलेले हे कार्य थोर आहे. परंतु कलमे बदलली त्या वेगाने वकिलांची आणि न्यायाधीशांची मने बदलली नाहीत, याचा पुरावा दूर शोधावयास नको. विनयभंगाच्या आरोपीने फिर्यादी स्त्रीकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट एका उच्च न्यायालयाने घातली, आणि ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये सांगावे लागले की न्यायाधीश व वकील यांच्या प्रशिक्षणात आणि विधी अभ्यासक्रमात लिंगभाव-संवेदनशीलतेला स्थान असावे.

ते प्रशिक्षण कसे असावे, याविषयी स्वागत समितीत पुष्कळ वाद झाला. निवाड्यांची जंत्री वाचून दाखविणाऱ्या व्याख्यानांना माझा विरोध होता, आणि तो मी स्वागताध्यक्षपदाचा थोडा गैरफायदा घेऊन तडीस नेला आहे. वैद्यकीय कागद, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज, नुकसानभरपाई आणि उत्पन्नाची अट न घालता प्रत्येक स्त्रीला मिळणारे मोफत विधिसाहाय्य, यांची सत्रे दुपारी व उद्या आहेत. पहिल्या सत्रात व्याख्यान नाही. तिघातिघांनी बसावे, एकाने कल्पित हकिकत सांगावी, दुसऱ्याने जबाब लिहावा, तिसऱ्याने तो सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि काय गळले ते समासात टिपावे. कोरे कागद दाराशी ठेवले आहेत. बंगाली सहकाऱ्यांशी गट जमला तर हकिकत त्यांच्या भाषेत सांगू द्यावी आणि जबाब मराठीत लिहावा. गळती किती होते ते अधिक लवकर कळेल. जेवण दीड वाजता आहे. आता अध्यक्षमहोदयांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी विनंती करते.