वैशाखातली परसबाग

(जव्हार तालुक्यात झालेल्या महिला मेळाव्यात, परसबागेचे काम पाहणाऱ्या आमच्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण.)



पावसाळ्यातल्या बागेवर बोलणं सोपं असतं. बी टाकलं की उगवतं, आणि नाही उगवलं तरी रानात टाकळा आहे, कुरडू आहे. अवघड दिवस म्हणजे होळीपासून मिरगापर्यंतचे. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, हे तुम्हाला मी काय सांगू? त्यात वीटभट्टीवर गेलेली माणसं याच दिवसांत परत येतात. घरात खाणारी तोंडं वाढतात आणि कालवणाला काही नसतं.

2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि बाळंतीण बाईला अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण मिळतं. त्या ताटात हिरवी भाजी हवी. पण मे महिन्यात आणायची कुठून? बाजारातून आणलेली मेथी पाड्यावर पोचेपर्यंत मान टाकते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की परसबागेची खरी परीक्षा याच तीन महिन्यांत असते.

आता पाण्याचं. दहा बाय तीन फुटांच्या वाफ्याला मे महिन्यात रोज हंडा-दीड हंडा पाणी लागतं. तो हंडा कोणाच्या डोक्यावरून येतो? बाईच्याच. कधी कधी त्याच गरोदर बाईच्या, जिच्यासाठी आपण भाजी लावतोय. तेव्हा आमच्या पाड्यावर आम्ही ठरवून टाकलंय, डोक्यावरून आणलेलं पिण्याचं पाणी वाफ्याला द्यायचं नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, राखेने भांडी घासलेलं पाणी, एवढंच बागेचं. कपड्याच्या पावडरीचं पाणी बागेला नको.

एवढ्या पाण्यात काय जगेल तेवढंच लावायचं. मार्चमध्ये वीस-वीस प्रकारच्या बियांची पाकिटं वाटायला लोक येतात. चांगल्या मनाने येतात, चहा पाजावा, पाकिटं ठेवून घ्यावीत आणि त्यातली अर्धी पावसाळ्यासाठी बाजूला काढावीत. उन्हाळ्यात कोबी, पालक कशाला? टोमॅटोचं झाड मोठं दिसतं, पण ऊन पस्तीस अंशांच्या वर गेलं की फुलं गळून पडतात. आपल्याला चवळी, भेंडी, गवार, माठ आणि एखादा वेल पुरे. मोरीच्या पाण्यावर अळू, आणि कुंपणाला शेवगा. शेवग्याच्या शेंगा सगळे खातात, पाला मात्र अजून बऱ्याच घरांत शेळीलाच जातो. तो कोवळा असताना डाळीत टाकून बघा.

हे झालं नेमाच्या उन्हाळ्याचं. पण उन्हाळा हल्ली नेमाने कुठे वागतो? आठ दिवस अंग भाजून काढतो, मग एका संध्याकाळी आभाळ काळं होतं, वारं सुटतं, गाराही पडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन, वर उकाडा. रोपाला हे सोसत नाही.

वळवाची सर पडली की आपण खूश होतो, आज पाणी घालायला नको. ते बरोबरच आहे. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की वाफ्यावर मातीचा कडक पापुद्रा धरतो. खाली चवळीचं बी फुगून कोंब वर काढत असतं, त्याला तो फोडता येत नाही, वाकून तिथेच कुजतं. म्हणून वाफसा आला की खुरपं हलकेच फिरवायचं, बोटभरच खोल. आणि पाणी द्यायच्या आधी मातीत बोट खुपसून बघायचं. वरून सुकलेली माती दोन पेरं खाली ओली असते. तिथे आणखी पाणी ओतलं की मिरचीला मर लागते.

आच्छादनाचंही तसंच. कोरड्या दिवसांत भाताचा पेंढा, सागाची वाळकी पानं वाफ्यावर पसरली की पाणी एक दिवसाआड दिलं तरी चालतं. पण पाऊस झाला की तेच आच्छादन खोडापासून वीतभर मागे सारायचं, नाहीतर बुंधा कुजतो. पेंढा एकदा टाकला आणि झालं असं नसतं, तो पुढे-मागे करत राहावा लागतो.

किडीच्या बाबतीत पाऊस थोडा उपयोगाचाही आहे. कोरड्या उन्हात मिरचीची पानं आकसतात ती फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळे. जोराची सर आली की ते बरेचसे धुऊन जातात. मात्र दमट हवेत वेलांवर फळमाशी वाढते. डंख मारलेलं कारलं, दोडका पिवळा पडून गळतो. तो तिथेच टाकू नका. आतल्या अळ्या मातीत जातात आणि पुन्हा माशी होऊन येतात. गळलेली फळं रोज उचला, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग खड्ड्यात खोल पुरा.

आता दुधीचं. मला कितीतरी जणी विचारतात, ताई, वेल माजलाय, फुलं भरपूर, मग बारकी फळं पिवळी होऊन का गळतात? भोपळ्याचं आणि कारल्याचं फूल पहाटे-सकाळी उमलतं, मधमाशा येतात, काम होऊन जातं. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी. आणि वळीव कधी येतो? संध्याकाळीच! पराग धुऊन जातात, फुलाजवळ पाखरू फिरकत नाही. मग ते काम आपण करायचं. पाऊस थांबला की नुकतं उमललेलं कोरडं नर-फूल तोडायचं, म्हणजे ज्याच्या मागे बारकं फळ नाही ते, आणि मादी-फुलाच्या मधोमध हळूच फिरवायचं. आमच्या पाड्यावर हे काम शाळेच्या सुट्टीत आलेल्या मुली करतात, मोबाइलच्या उजेडात. हसत-खिदळत करतात, पण दुधी धरतात.

वाऱ्याबद्दल. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, आठवत असेल. तेव्हा पाड्यावरचे डोक्याइतके उंच मांडव आडवे झाले. एका आजीने दुधी करवंदीच्या कुंपणावर सोडला होता. आम्ही तिला मांडव घाल म्हणून मागे लागलो होतो, ती म्हणाली, मला वर हात पोचत नाही. तिचा वेल राहिला. तेव्हापासून उन्हाळी वेलाचा मांडव आम्ही कमरेएवढाच घालतो. वाऱ्या-गारांनी भेंडी मोडली तर लगेच उपटू नका. मोडका शेंडा कापा, खालून फूट येते, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुलं दिसतात.

2025 साली तर पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला, नेहमीची तारीख 11 जून. इथे कोणाचा राब भाजून झाला नव्हता, कोणाचं सरपण उघड्यावर होतं. बागेत मार बसला तो बियाण्याला. बियाण्यासाठी राखलेल्या भेंडीच्या शेंगा झाडावरच भिजल्या, आत बुरशी धरली. म्हणून आता बियाण्याची दोन-तीन झाडं एप्रिलच्या सुरुवातीला दोरा बांधून राखतो, त्यांची भाजी काढत नाही. मेच्या मध्याला शेंग वाळली की उतरवतो, राख मिसळून वाळक्या तुंब्यात भरतो. शेंगा सगळ्या एकदम उतरवायच्या नाहीत, आणि पेरणीही एकदम करायची नाही. चवळी आम्ही दर पंधरा दिवसांनी दोन ओळी पेरतो. एक खेप उन्हाने गेली, तर दुसरी पावसात सापडते, तिसरी हाताला लागते. गेल्या मे महिन्यात अंगणवाडीतल्या आहार शिजवणाऱ्या ताईला आठवड्यातून चार दिवस बागेतली भाजी देता आली. उरलेले दोन दिवस डाळच होती. यंदा पाच दिवस द्यायची आहे.

बाहेर पडवीत टोपलीत अळूचे कंद ठेवलेत. घरटी चार घ्या, जिच्या मोरीला उतार आहे तिने सहा घ्या. डोळा वर करून चार बोटं खोल लावा. पाला खाजला तर चिंच जरा वाढवा. आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, या हवेत दोन दिवसांत कुजतात.