कृष्ण ऊर्जा : नाव आणि स्वरूप

एखाद्या वस्तूला नाव मिळाले की ती कळली, असा समज मनुष्य फार लवकर करून घेतो. ‘कृष्ण ऊर्जा’ या नावाच्या बाबतीत हा समज विशेष सावधपणे तपासून पाहावयास हवा. विश्वातील एकूण ऊर्जेचा सुमारे ६८ टक्के भाग या एका नावाखाली मोडतो. सुमारे २७ टक्के भाग तितक्याच गूढ अशा कृष्ण द्रव्याचा. आणि तारे, ग्रह, सागर, पर्वत व मनुष्यदेह ज्याचे घडले आहेत ते परिचित द्रव्य अवघे ५ टक्के! मग या ६८ टक्क्यांविषयी विज्ञानाला नक्की ठाऊक तरी काय आहे?

१९१७ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आपला व्यापक सापेक्षतासिद्धांत अखिल विश्वाला लावून पाहिला. विश्व स्थिर आहे, अशीच तेव्हा समजूत होती. परंतु गुरुत्वाकर्षण सर्व द्रव्य एकत्र खेचू पाहते. मग विश्व कोसळत कसे नाही? हा तोल सांभाळण्यासाठी त्यांनी समीकरणात एक पद घातले. तोच वैश्विक स्थिरांक होय. पुढे १९२७ साली बेल्जियममधील धर्मगुरू व गणिती जॉर्ज लमेत्र यांनी प्रसरणशील विश्वाचे गणित मांडले, आणि १९२९ साली एडविन हबल यांनी दीर्घिका जितक्या दूर तितक्या अधिक वेगाने दुरावत असल्याचे दाखविले. तेव्हा १९३१ साली आइन्स्टाइन यांनी तो स्थिरांक सोडून दिला. लमेत्र यांनी मात्र तो जपला. रित्या पोकळीतही ऊर्जा असावी व तिचा दाब ऋण असावा, असा त्याचा अर्थ त्यांनी १९३४ साली लावला. जनकाने टाकलेले अपत्य असे दुसऱ्याच्या घरी वाढले.

त्यानंतर बरीच दशके खगोलज्ञ विश्वाचे प्रसरण किती मंदावत आहे, एवढेच मोजू पाहत होते. त्यासाठी त्यांनी एका विशिष्ट प्रकारच्या स्फोटक ताऱ्यांचा आधार घेतला. श्वेत खुजा तारा सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाहून जड होऊन टिकू शकत नाही, ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते. अशा ताऱ्यांच्या स्फोटांचे तेज जवळजवळ ठराविक असते. म्हणून दिसणाऱ्या तेजावरून त्यांचे अंतर काढता येते. १९९८ साली सॉल पर्लमटर यांच्या आणि ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांच्या दोन स्वतंत्र पथकांना हे स्फोट अपेक्षेहून अंधुक, म्हणजेच अधिक दूर आढळले. प्रसरण मंदावत नव्हते; उलट त्याचा वेग वाढत होता! या शोधाला २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वेग वाढविणाऱ्या त्या अज्ञात कारणाला कृष्ण ऊर्जा हे नाव १९९८ सालीच मायकेल टर्नर यांनी दिले.

ही ऊर्जा अतिशय विरळ आहे. एका घनमीटर जागेत ती तीन-चार हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाएवढीच भरते. परंतु अवकाश विस्तारले की द्रव्य पातळ होत जाते. ही ऊर्जा, ती खरोखर स्थिरांक असेल तर, पातळ होत नाही. म्हणूनच सुमारे पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी तिचे पारडे जड झाले.

ती पोकळीचीच ऊर्जा म्हणावी, तर सूक्ष्मकणांच्या शास्त्राने सरळ हिशेब करता येणारा आकडा निरीक्षणाहून एकावर एकशेवीस शून्ये इतक्या पटींनी मोठा निघतो. काहींच्या मते ती काळानुसार बदलणारी असावी. काहींच्या मते गुरुत्वाचा नियमच अपुरा असावा. या दोन्ही शक्यतांना इतिहासाचा आधार आहे. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून अज्ञात ग्रहाची कल्पना केली गेली, आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाच्या विसंगतीसाठी कल्पिलेला ‘व्हल्कन’ ग्रह मात्र कधीच सापडला नाही. तेथे १९१५ साली नियमच बदलावा लागला. कृष्ण ऊर्जा नेपच्यून आहे की व्हल्कन, हाच खरा प्रश्न होय.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) व त्यांचे सहकारी यांनी या ताऱ्यांच्या अंधुकपणाचे कारण आकाशातील धातूच्या सूक्ष्म तंतुमय धुळीत शोधले. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो मार्ग स्वीकारला नाही. पण प्रचलित मताला प्रश्न विचारणे हे विज्ञानाचे कर्तव्यच आहे. ॲरिझोनातील ‘डेसी’ या उपकरणाने सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वासार यांची नोंद घेतली. इतर निरीक्षणांच्या जोडीने २०२५ साली मांडलेल्या तिच्या निष्कर्षांत, ही ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी, असा संकेत मिळाला. तो संकेत आहे, सिद्धता नव्हे.

ही ऊर्जा खरोखर स्थिर असेल, तर अतिदूर भविष्यात इतर दूरच्या दीर्घिका दृष्टीआड होतील, आणि त्या काळच्या निरीक्षकाला विश्व पसरत आहे याचा पुरावाही आकाशात दिसणार नाही. आजच्या मनुष्याला तो दिसतो आहे. नाव देऊन तो थांबला नाही, मोजमाप पुढे चालवीत राहिला, तर त्या नावामागचे स्वरूपही कदाचित त्याच्या हाती लागेल.