संकेतस्थळ बांधण्यापूर्वी
(अकादमीच्या लेखक-शिक्षक कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी संस्थांच्या संकेतस्थळांच्या कामात मी गेली काही वर्षे आहे. बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे? दुसरा प्रश्न रंगाचा असतो. आपल्याकडे नेमके काय आहे, हा प्रश्न तिसरा किंवा चौथा येतो, कधी कधी येतच नाही. आज मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

समजा, एखाद्या वाचनालयाकडे पन्नास वर्षांचे वार्षिकांक आहेत. सर्वसाधारणपणे काय होते? पन्नास पीडीएफ चढवल्या जातात, मुखपृष्ठे एका पानावर ओळीने लावली जातात, हार-तुरे होऊन उद्घाटन होते. पण वाचक सहसा अंक शोधत येत नाही. तो एखादा लेखक शोधत येतो, एखादे गाव, एखाद्या नाटकाचे परीक्षण. नुसते स्कॅन केलेले पान यंत्राच्या लेखी एक चित्र असते. त्यातला शब्द त्याला सापडत नाही. म्हणजे इथे मूळ घटक अंक नसून लेख आहे. लेखाला लेखक आहे, वर्ष आहे, विषय आहे. एकाच लेखकाचे लेख दहा अंकांत विखुरलेले आहेत. ही नाती जिथे मांडता येतात ती प्रणाली आपल्या कामाची. संकेतस्थळाला स्वतःचा चेहरा येतो तो या नात्यांमुळे. बाजारातला देखणा साचा आपण घेतो, तोच साचा एखाद्या दंतवैद्यानेही घेतलेला असतो.

आपल्या गोव्याचा मजकूर तर साध्या चौकटीत मावणाराच नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीत ते फार नंतर छापले गेले. एकोणिसाव्या शतकात इथे पोर्तुगीज आणि मराठी मजकूर एकाच अंकात देणारी पत्रे निघत. अशा साहित्याची नोंद करताना भाषा आणि लिपी हे दोन वेगळे रकाने लागतात. ‘भाषा’ एवढाच एक रकाना असेल, तर रोमन लिपीतली मराठी ठेवायची कुठे? हा प्रश्न प्रणाली विकणाऱ्याला पडणार नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

आता प्रणालींकडे वळतो. वर्डप्रेस तुम्ही सगळ्यांनी ऐकलेले आहे. २००३ साली अनुदिनी लिहिण्यासाठी निघालेली ही प्रणाली आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन चालवते. शिक्षकाला ती एका दुपारी शिकवता येते, हा तिचा मोठा गुण. नवे लेख सतत येत राहणार असतील तर ती घ्यावी. तिचा मूळ विचार मात्र ‘सर्वांत नवे सर्वांत वर’ असा आहे, आणि जुन्या अंकांच्या संग्रहाला तो मानवत नाही. स्वतःचे घटक आणि रकाने तयार करता येतात, पण त्यासाठी वेगळी जुळणी करावी लागते. पाने सजवण्याच्या काही जोडण्यांपासून तर जपूनच राहावे: उद्या ती जोडणी काढली की लेखात मजकुराऐवजी चौकटी कंसांची रांग उरते.

ड्रुपलचे बळ नेमके घटक, रकाने आणि त्यांच्यातील नाती हेच आहे. पण ते सांभाळायला जाणकार माणूस लागतो. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला, आणि त्यावरून नव्या आवृत्तीवर जाणे म्हणजे जवळजवळ नवे बांधकाम होते. अनुदान एकदाच मिळणाऱ्या संस्थेने हे आधी ध्यानात घ्यावे.

जुन्या संग्रहासाठी माझे मत ओमेकाच्या बाजूने पडते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्राने ती २००८ साली ग्रंथालये आणि संग्रहालये डोळ्यांसमोर ठेवून बाहेर आणली. ती मोफत आहे, आणि डब्लिन कोअर या ग्रंथपालांच्या परिचयाच्या पंधरा रकान्यांवर उभी आहे. दिसायला थोडी रूक्ष आहे. असू द्या. आणि ज्यांच्याकडे मजकूर भरपूर पण बदल क्वचित, त्यांनी ह्यूगोसारखा मार्ग पाहावा: प्रत्येक लेख साध्या मजकुराची एक फाईल, त्यांतून तयार पाने निघतात, मागे डेटाबेस नाही. अशी पाने ठेवायला खर्च फार थोडा येतो. सुरुवातीला मात्र संगणकाशी दोस्ती असलेला एखादा विद्यार्थी हाताशी हवा.

कोणतीही प्रणाली पाहा, तिला मराठी येते का हे स्वतः तपासा. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्य’ संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारे साठवला जातो. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, पण एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर अनेक ठिकाणी सापडत नाही. लेखकसूचीचेही तसेच. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ च्या नंतर येतो. नुसत्या संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली की काळे हे काशीकरांच्या आधी येऊन बसतात. उपाय सोपा आहे, क्रमासाठी एक जादा रकाना. पण प्रणालीने तो जोडू दिला पाहिजे. पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवली, तर योग्य टंकात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात. आणि पानाचा पत्ता रोमन लिपीत, आखूड ठेवावा असे मी सुचवतो. मराठीच्या अभिमानाला थोडे लागेल, पण देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा एकेका अक्षराची नऊ चिन्हे होतात आणि पत्ता ओळखू येत नाही.

जुन्या टंकांत जुळवलेल्या फायलींबद्दल एवढेच सांगतो: त्यांत साठवलेली असतात ती इंग्रजी चिन्हे, देवनागरी दिसते ती टंकाच्या कृपेने. त्या आधी युनिकोडमध्ये आणा आणि कुणाकडून तरी वाचून घ्या. प्रणाली कितीही महाग असली तरी हे काम ती करत नाही.

सर्वांत शेवटी विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत आधी विचारायचा प्रश्न: यातून बाहेर कसे पडायचे? जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली तेव्हा असंख्य लोकांची पाने तिथे होती. महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या सेवांत चार तासांत सुंदर संकेतस्थळ उभे राहते. पण सगळे लेख, लेखकांच्या नावांसकट, एका फायलीत परत मिळतील का, हे पैसे भरण्यापूर्वी करून पाहावे. वर्डप्रेसमधून निघणाऱ्या फायलीत लेख येतात, चित्रांचे मात्र पत्तेच येतात. चित्रे वेगळी उतरवून घ्यावी लागतात. आपल्याच भागातल्या एका संस्थेचे संकेतस्थळ ते बांधणाऱ्याच्या खाजगी नावावर नोंदलेले होते. तो गाव सोडून गेला, नूतनीकरण राहिले. संस्थेकडे आज त्यातल्या काही पानांच्या छापील प्रती आहेत, एवढेच. नाव, परवलीचा शब्द आणि पावती ही तिन्ही संस्थेच्या दप्तरात हवीत, आणि ती दोघांना ठाऊक हवीत.

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटाने आपल्या संस्थेच्या कोणत्याही एका अंकातले दहा लेख घ्यावेत. प्रथम कागदावर रकाने आखा. मग ते लेख दोन प्रणालींत भरा, आणि चहापूर्वी बाहेर काढून दाखवा. संगणक सहा आहेत, तेव्हा एका संगणकावर चौघांनी बसावे.