रिकाम्या खुर्च्यांपुढील अपिले



कायद्यात हक्क लिहिला गेला म्हणजे तो हाती आला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. म्हणून अमेरिकेतील एक प्रकरण आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

तेथील संघ सरकारच्या नोकरास बडतर्फ केले, तर दाद मागण्यासाठी ‘मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड’ नावाचे मंडळ आहे. १९७८ च्या कायद्याने ते निर्माण झाले. सभासद तीन, राष्ट्राध्यक्षांनी नेमावयाचे, सिनेटने संमती द्यावयाची, आणि एकाच पक्षाचे दोहोंहून अधिक असावयाचे नाहीत. योजना चोख आहे. परंतु निकालास किमान दोन सभासद लागतात.

जानेवारी २०१७ मध्ये मार्क रॉबिन्स हे एकटेच सभासद उरले. ते प्रकरणे वाचीत, आपले मत नोंदवीत. पण एकट्याच्या मताला निकालाचे बळ कोठले? फेब्रुवारी २०१९ अखेर तेही गेले. राष्ट्राध्यक्षांनी नावे पाठविली होती, सिनेटमध्ये ती संमत झाली नाहीत. पुढे तीन वर्षे कचेरी होती, नोकरवर्ग होता, सभासद एकही नव्हता. मार्च २०२२ मध्ये दोघे आले, तेव्हा सुमारे ३,८०० प्रकरणे साचली होती.

खालचे प्रशासकीय न्यायाधीश या काळातही निकाल देत होते, हे खरे. तेथे हरलेल्या नोकरास मंडळ वगळून फेडरल सर्किट न्यायालयाची वाट मोकळी होती. पण जो जिंकला त्याचे काय? खात्याने मंडळाकडे फेरविचाराचा अर्ज केला की त्याचा विजय तेथेच अडके. पुढचे वेतन बहुधा सुरू होई. मागची थकबाकी आणि आपण निर्दोष असल्याचा अखेरचा शब्द मात्र दप्तरातच राही. हरलेल्यापेक्षा जिंकलेल्याची कोंडी अधिक, असा हा विलक्षण प्रकार!

वकील या नात्याने मला हे रिकामेपण फेटाळणीहून वाईट वाटते. प्रतिकूल निकालावर वर जाता येते. न दिलेल्या निकालावर कोठे जावयाचे? कोणी अन्यायाचा हुकूम काढला नव्हता. फक्त खुर्च्या भरल्या नव्हत्या.

२०२५ मध्ये गणसंख्या पुन्हा मोडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जुळली.

आपली मुले-मुली आता सरकारी नोकरीत शिरत आहेत. नव्या न्यायाधिकरणाची मागणी घेऊन कोणी माझ्याकडे आले, तर मसुद्यात एक कलम घालावयास मी सांगतो: रिकामी जागा किती दिवसांत भरावयाची, आणि ती न भरल्यास तोवर निकाल कोणी द्यावयाचा.